डिकीत राहिलेली ओटी

भागीरथीमावशींच्या पाळणाघराला पाटी नाही. डोंबिवली पश्चिमेला खाडीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर एक बैठी चाळ आहे, तिच्या शेवटच्या दोन खोल्या. दाराबाहेर अकरा जोड लहान चपलांचे दिसले की समजायचं, पोचलो. सकाळी सातला पहिलं मूल येतं, रात्री नऊला शेवटचं जातं. ते शेवटचं मूल बऱ्याचदा माझं असतं.

मावशी मूळच्या श्रीवर्धनच्या अलीकडच्या वेळकोंडच्या. समुद्रावरच्या कोळ्याची मुलगी, सतराव्या वर्षी लग्न होऊन डोंबिवलीच्या खाडीवर आली. "दर्यातून खाडीत आले," असं त्या सांगतात, कुणी बंगल्यातून चाळीत आल्याचं सांगावं तसं. नवरा, उत्तम, खाडीत होडी घालायचा. हळूहळू पाणी असं झालं की जाळ्यात मासळी कमी आणि प्लास्टिकच्या पिशव्या जास्त यायला लागल्या. मग त्याने होडी विकली आणि एका कारखान्याच्या गेटवर वॉचमन म्हणून उभा राहिला. पाण्यावरचा माणूस खुर्चीवर बसून बसून गेला, असं मावशी म्हणतात. त्या तोवर टोपली घेऊन दारोदार मासे विकत होत्या. एकदा तिसऱ्या मजल्यावरच्या एका बाईंनी आपलं तान्हं मूल त्यांच्या हातात दिलं. "मावशी, तासाभरात येते. जरा बघाल?"

"तो तास अजून संपला नाय बघ," मावशी सांगतात. याला आता बावीस वर्षं झाली.

पाळणाघर वाढलं तसं कुणीतरी मुलांच्या कपड्यांना मासळीचा वास येतो म्हणालं. मावशींनी टोपली बंद केली. आता घरात मासे फक्त रविवारी शिजतात, मुलं नसताना. हे मला बरीच वर्षं माहीत होतं आणि त्यात काही खटकण्यासारखं आहे असं मला कधी वाटलं नव्हतं.

माझी दक्षता आठ महिन्यांची असल्यापासून त्यांच्याकडे आहे. आता ती सात वर्षांची आहे. मी ठाण्याला एका लॅबमध्ये रक्ताचे रिपोर्ट तपासते. दिवसभर दुसऱ्यांच्या रक्तातले आकडे बघायचे आणि संध्याकाळी मुलीच्या कपाळाला हात लावायचा, असं माझं चालतं. मागच्या वर्षी सप्टेंबरमध्ये दक्षताला डेंग्यू झाला. प्लेटलेट्स अठरा हजारांवर आल्या. अठरा हजार म्हणजे काय, हे वॉर्डातल्या दुसऱ्या कुठल्या आईला माहीत नसेल तेवढं मला माहीत होतं. त्या दिवसांत मावशी रोज रात्री, सगळी मुलं गेली की, पेजेचा डबा घेऊन यायच्या. वॉर्डाच्या दारात उभ्या राहायच्या, आत येऊन बसायच्या नाहीत. चौथ्या दिवशी आकडा वर चढला. मी रडत रडत त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "उतरला ना ताप? बरं." आणि डबा घेऊन निघून गेल्या. मला तेव्हा जरा कोरडंच वाटलं.

या मे महिन्यात सुदेशने, माझ्या नवऱ्याने, बेत काढला. आम्ही जुनी गाडी घेतली होती आणि ती कल्याणच्या पत्री पुलाच्या पलीकडे फारशी गेली नव्हती.

"लग्नाला नऊ वर्षं झाली," तो म्हणाला. "आपण दोघंच कुठे गेलोय, सांग. एक हॉस्पिटल आणि एक शाळेची ॲडमिशन."

चार दिवस. रेवदंडा, मुरुड, आगरदांड्याला गाडी फेरीबोटीत घालून दिघी, मग दिवेआगर आणि समुद्राच्या कडेकडेने श्रीवर्धन, हरिहरेश्वर. दक्षताला ठेवायचं कुठे, हा प्रश्न होता. माझं माहेर कराडकडे, सासूबाई नाहीत. मावशी रात्रीची मुलं ठेवत नाहीत, तरी मी विचारलं.

"जा गो तुम्ही," त्या म्हणाल्या. "राहील माझ्या कुशीत."

निघायच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी माझ्या हातात एक गाठोडं दिलं. जुन्या साडीच्या तुकड्यात घट्ट बांधलेलं, वर नारळाची शेंडी डोकावत होती.

"तुमच्या वाटेवरच हाय माझं माहेर. दिवेआगरवरून श्रीवर्धनला जाताना उजव्या हाताला पायवाट उतरते, खाली कोंडजाईचं देऊळ. ओटी भरायची राहिली हाय माझी. तेवढी तुझ्या हातानं भर. अकरा वर्षं झाली मला जाऊन. आई गेली तेव्हा गेलेले, ती शेवटची."

"भरते ना, मावशी."

"दामाजीला फोन करून ठेवते. भाऊ माझा. तो दाखवेल, कसं काय करायचं ते."

"कशाला त्यांना त्रास? आम्ही जाता जाता..."

"बरं," त्या म्हणाल्या.

ओटी कसली, कोणासाठी, हे मी विचारलं नाही. मी त्यांना दक्षताच्या औषधांची चिठ्ठी समजावून सांगत होते. कोणतं जेवणाआधी, कोणतं नंतर, थर्मामीटर कुठे ठेवलंय. सहा-सात वर्षं तिला सांभाळणाऱ्या बाईला मी हे तीनदा सांगितलं.

तो रस्ता सुंदर आहे, हे सांगायलाच हवं. ते नाकारलं तर आणखी एक खोटं होईल. पण पहिला दिवस मी फोनकडे बघण्यात घालवला. फेरीबोटीत रेंज गेली तर मी गाडीतून उतरून फोन वर धरून कठड्याला उभी.

सुदेश म्हणाला, "बोट बुडाली तर फोन आधी वाचव. मी आपला पोहत येतो."

"गप रे."

"अगं, जंजिरा बघ की तिकडे! शेकडो वर्षं पाण्यात उभा आहे, त्याला कुणी थर्मामीटर लावला नाही."

मला हसू आलं. आणि का कोण जाणे, मग मी हसतच राहिले. दुसऱ्या दिवशी दिवेआगरच्या वाळूत आम्ही दुपारपर्यंत पडून होतो. एका घरगुती खानावळीत मी दोन वेळा सोलकढी मागून घेतली. संध्याकाळी श्रीवर्धनच्या रस्त्याला लागलो तेव्हा माझ्या लक्षात आलं, मी पाच तास घरी फोन केला नव्हता. पाच तास माझं मूल माझ्या डोक्यात नव्हतं. दचकायला हवं होतं, पण खरं सांगायचं तर मला हलकं वाटत होतं.

त्या रस्त्यावर समुद्र अगदी चाकाला लागून असतो. एका वळणावर सुदेशने वेग कमी केला. "हे बघ, वेळकोंड. पाटी आहे. थांबायचं?"

सूर्य पाण्याला टेकत आला होता. पुढच्या डोंगरावरून तो बुडताना बघायचा, असं आमचं ठरलं होतं.

"उद्या परत येताना भरू ओटी," मी म्हणाले. "आत्ता उशीर होईल."

आम्ही सूर्यास्त बघितला. छान होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी हरिहरेश्वरला दर्शन घेतलं, नारळ वाढवला, पुजाऱ्याने अर्धा परत दिला. देवळाबाहेर येऊन मी दक्षताला फोन लावला आणि बोलता बोलता ती खोकली.

"मावशी, खोकतेय ती!"

"अगो, उसळीतली मिरची लागली. काय नाय."

"अंग गरम आहे का? हात लावून बघा ना."

"लावला. थंड हाय."

मला ते पटलं नाही. काल मी पाच तास तिला विसरले होते आणि आज ती खोकत होती. या दोन गोष्टींचा संबंध नाही, हे विज्ञान शिकलेल्या मला कळतं. पण मी गाडीत बसले आणि म्हणाले, "घरी चल. आत्ता. माणगाववरून, हायवेने."

"आणि उद्याचा दिवस? आणि मावशींची ओटी?"

"सुदेश, गाडी काढ."

त्याने काढली. वेळकोंडचा रस्ता मागे राहिला. ओटी डिकीत, स्टेपनीशेजारी.

संध्याकाळी सात वाजता पाळणाघरात पोचलो. मी चपला न काढता आत गेले आणि दक्षताच्या कपाळाला हात लावला. थंडगार होतं. ती म्हणाली, "आई, तू एक दिवस आधी का आलीस? आज मावशी भुताची गोष्ट सांगणार होती."

मावशी पाटावरून उठल्या. "भरलीस गो ओटी?"

माझ्या हातात हरिहरेश्वरचा तो अर्धा नारळ होता. डॅशबोर्डवरून उचलून पिशवीसोबत कसा हातात आला, आठवत नाही. मी "हो" म्हणाले आणि हात पुढे केला.

"दामाजी भेटला?"

"नाही, घाईत होतो. देवळातूनच निघालो."

मावशींनी नारळ घेतला. त्याच्याकडे नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ बघितलं, असं मला आज वाटतं. तेव्हा वाटलं नव्हतं. त्यांनी तो कपाळाला लावला. "बरं झालं गो," म्हणाल्या. मग विळी घेऊन त्याचे तुकडे केले आणि राहिलेल्या मुलांना वाटले. दक्षताने दोन खाल्ले.

पुढचे तीन आठवडे मी डिकी उघडली नाही. सुदेश भाजी आणायला गाडी काढायचा आणि पिशव्या मागच्या सीटवर ठेवायचा, तोही माझ्याकडे न बघता.

"सांगून टाक ना एकदाचं," तो एकदा म्हणाला. "त्या काय तुला फाशी देणार आहेत?"

"फाशी दिली तर बरं. त्या काहीच म्हणणार नाहीत."

जूनच्या पहिल्या शनिवारी मी दक्षताला घ्यायला गेले तर पाळणाघरात एक उंच, काळासावळा म्हातारा बसला होता. शेजारी गोणपाट, त्यातून सुक्या बोंबलांचा वास. मुलं नाक धरून खिदळत होती आणि तो त्यांना एक एक बोंबील उचलून त्याचं तोंड उघडून दाखवत होता.

"हा माझा भाऊ, दामाजी," मावशी म्हणाल्या. "पावसाळ्याचं सुकं घेऊन आला."

मी दारातच थांबले. तेवढ्यात दक्षता म्हणाली, "मामा, तुमच्या गावच्या देवीचा नारळ खाल्ला मी! माझ्या आईने आणलेला."

"कुठच्या देवीचा गो?"

"कोंडजाईचा!"

दामाजी मांडीवर हात मारून हसला. "कोंडजाईचा नारळ कोण खातो? ह्यो नवीनच! आमच्या देवीचा नारळ फोडत नाय पोरी. ओटीचा नारळ अख्खा दर्यात जातो. तो देवीचा, माणसानं त्याला तोंड नाय लावायचं."

मी मावशींकडे बघितलं. त्या बोंबील मोजल्यासारखं करत होत्या.

"पोर हाय, काय पण बोलते," त्या म्हणाल्या. "तो हरिहरेश्वरचा होता. हिची आई हरिहरेश्वरला गेलेली."

"हां, मंग बरोबर." दामाजी माझ्याकडे वळला. "बाय, तुमच्यासारखीच कोण एक पार्टी येणार होती आमच्याकडे. हिनंच फोन केलेला, ओटी घेऊन येतायत म्हणून. दोन दिस रस्त्यावर उभा राहिलो मी, एकेक गाडी बघत. बायकोनं पापलेट आणून ठेवलेलं, ह्या दिवसांत काय भाव हाय पापलेटचा! कोण होती गो ती?"

"त्या दुसऱ्या," मावशी म्हणाल्या. "इथं भावेश म्हणून पोरगा येतो, त्याच्या आईच्या ओळखीच्या. त्यांचं जाणं राहिलं. मी तुला फोन करायला विसरले, माझंच चुकलं."

त्यांनी हे इतक्या सहज सांगितलं की दामाजी पुन्हा बोंबलांकडे वळला. मी दक्षताचा हात धरला आणि निघाले. मावशी माझ्यासाठी, माझ्यासमोर, सख्ख्या भावाशी खोटं बोलल्या होत्या.

घरी दक्षताला वर पाठवून मी पार्किंगमध्ये थांबले आणि डिकी उघडली. गाठोड्याची गाठ सुटता सुटेना. आत हिरवा खण, तांदूळ, हळकुंड, सुपारी, देवीसाठी बांगड्यांचा जोड. नारळ कानाशी धरून हलवला, आतलं पाणी वाजत नव्हतं. सगळ्यात खाली कागदात गुंडाळलेल्या आणखी बांगड्या होत्या, हिरव्या काचेच्या, चार. मी हात घालून बघितला, माझी तीन बोटंही आत जाईनात. त्या बांगड्या मला ओळखीच्या वाटल्या. मागच्या श्रावणात मावशींनी पाळणाघरातल्या सगळ्या मुलींना भरल्या होत्या. दक्षताच्या मी त्याच रात्री पाळणाघरातच काढून ठेवायला लावल्या होत्या, काच लागेल म्हणून. मग घरी आणायच्या राहूनच गेल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी एकटीच गेले. दामाजी पहाटेच्या एसटीने गेला होता. मावशी स्टोव्हपाशी मांदेली तळत होत्या. मी गाठोडं त्यांच्यासमोर ठेवलं.

"मावशी, मी भरली नाही ओटी."

"माहीत हाय."

"कधीपासून?"

"तू फुटका नारळ हातात दिलास तेव्हापासून." त्यांनी मांदेली परतली. "बस. खातेस?"

"आत या लहान बांगड्या आहेत."

"हां."

"दक्षताच्या आहेत ना?"

"वॉर्डाच्या दारात उभी होते ना, तेव्हाच बोलले देवीला. पोर उठू दे, तिच्या हातातल्या बांगड्या तुला आणून घालीन. आतपर्यंत आले नाय, कारण बोलणं चाललं होतं माझं देवीशी."

मी पाटावर बसले. "मला सांगितलं का नाहीत? मी गेले असते."

"सांगितलं असतं तर धास्तावली असतीस. नवस फेडायचा राहिला, आता पोरीला काय होतंय, म्हणून रात्र रात्र जागली असतीस. तुला मी ओळखते."

"मग रागावायचं तरी."

"रागावले की." त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं. "दोन दिवस बोलले नाय तुझ्याशी. कळलं तुला?"

मी आठवून बघितलं. ते दोन दिवस मी दारातूनच दक्षताला हाक मारून गेले होते, तिकडून उत्तर येतंय की नाही हे न बघता.

"नाही," मी म्हणाले.

"तेच तर."

त्या मांदेली ताटलीत काढत राहिल्या. मी रडत होते आणि त्यांनी मला गप्प केलं नाही, याबद्दल मी त्यांची आजही आभारी आहे. बऱ्याच वेळाने मी म्हणाले, "पुढच्या रविवारी जाऊ. सुदेश नेईल आपल्याला."

"आता नाय जायचं. होड्या वर ओढल्या. ओटीचा नारळ शांत पाण्यात सोडायचा असतो. नारळी पुनव झाली की मंग. आणि एका दिवसात होत नाय ते, शनिवार-रविवार लागेल. शनिवारी पोरं असतात."

"पोरं मी बघते शनिवारी. तुम्ही आणि सुदेश..."

"ओटी आईनं भरायची. पोरगी पण पाहिजे." त्यांनी ताटली माझ्यापुढे सरकवली. "तुला येते ना गाडी?"

"लायसन्स आहे. पण शिळफाट्याच्या पुढे कधी चालवली नाही मी."

"मंग शीक."

घरी येऊन सुदेशला सांगितलं. तो सोफ्यावरून उठून बसला. "म्हणजे शनिवारी अकरा पोरं मी बघायची?"

"दहा. दक्षता आमच्यासोबत."

"सकाळी सात ते रात्री नऊ?"

"हो."

त्याने बोटांवर तास मोजले. मग म्हणाला, "मावशी हे रोज करतात?" आणि फोन काढून ऑगस्टमधली रजा टाकली.

पाळणाघराच्या पालकांच्या ग्रुपवर मी लिहिलं, मावशी अमुक शनिवारी नाहीत, मुलं सुदेश बघेल. पहिलं उत्तर भावेशच्या आईचं आलं, "आम्हाला आधी सांगायला हवं होतं. सोयीचं नाही." अडीच महिने आधी सांगितलं होतं. चिडून उत्तर लिहायला घेतलं आणि पुसलं. मे महिन्यापर्यंत हेच वाक्य सगळ्यात आधी मी लिहिलं असतं.

गाठोडं आता आमच्या देवघरात आहे. मावशींनीच सांगितलं, "डिकीत नको, घरात ठेव. रोज दिसू दे." रोज दिसतं. नारळ तेवढा नवा घ्यायचा आहे, तो मी घ्यायचा आहे. वेळकोंडला मी स्वतः फोन केला. दामाजीमामांना सांगितलं की ती दुसरी पार्टी म्हणजे मीच. ते म्हणाले, "पापलेट वाया गेलं नाय, आम्ही खाल्लं. या तुम्ही."

दर रविवारी सकाळी मी गाडी काढते आणि कल्याणवरून टिटवाळ्यापर्यंत जाऊन येते. मावशी शेजारी बसतात. पट्टा लावतात, वर त्या पट्ट्याला दोन्ही हातांनी धरतात, आणि माझ्या चुका फार मोजक्या शब्दांत सांगतात. "हॉर्न लई मारतेस." "त्याला जाऊ दे, त्याला घाई हाय." मागच्या रविवारी शहाडच्या पुलावर समोरून डंपर आला आणि माझा पाय ब्रेकवरच गोठला. मागे गाड्यांची रांग लागली. मावशींचे डोळे मिटलेले होते.

"मावशी, भीती वाटतेय का?"

"वाटते तर."

"मग येता कशाला माझ्यासोबत?"

त्यांनी डोळे उघडले नाहीत. "पोचायचंय ना," म्हणाल्या. "घाल गिअर."